एका पानाला एक पापणी

मित्रांनो, मी एक जुनी चौकट आहे. फोटोची नाही आणि दाराचीही नाही, माझी जागा माणसाच्या नाकावर. चष्म्याच्या दुकानात तुम्ही कधी गेला असाल, तर डोळे तपासताना तुमच्या नाकावर एक जड, गोल, विचित्र चष्मा चढवला असेल आणि त्यात एकामागून एक काचा सरकवत "आता कसं दिसतंय? आणि आता?" असं विचारलं असेल. तो विचित्र चष्मा म्हणजे मी. धंद्यातली माणसं मला ट्रायल फ्रेम म्हणतात. मला घालून आरशात बघितलं की मुलं खिदळतात आणि मोठी माणसं ओशाळतात. मी ते मनावर घेत नाही. नाकावर बसण्याचा मान सगळ्यांना कुठे मिळतो?

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. पितळेच्या पत्र्यातून मला कापलं, कानशीनं घासलं, वर चकचकीत मुलामा दिला. मग एका म्हाताऱ्या कारागिरानं माझ्या दोन्ही कड्यांवर शून्यापासून एकशे ऐंशीपर्यंत बारीक रेघा कोरल्या. प्रत्येक रेघेला तो श्वास रोखून धरायचा. प्रत्येक कड्यात भिंगं ठेवायला चार-चार खाचा, काड्या लांब-आखूड करायला स्क्रू, नाकावरचा आधार वर-खाली करायला आणखी एक स्क्रू. सगळं झाल्यावर त्यानं मला उजेडात धरून फिरवलं आणि म्हणाला, "जा बाई, आता नाकं सांभाळ." तेवढाच उपदेश मला मिळाला आणि तेवढ्यावर मी आयुष्य काढलं.

मला विकत घेतलं एका चष्मेवाल्यानं. सगळी गल्ली त्यांना काका म्हणायची. त्यांचं दुकान इतकं लहान होतं की अक्षरांचा तक्ता हवा तितक्या लांब टांगायला जागाच नव्हती. म्हणून तो खुर्चीच्या मागच्या भिंतीवर असायचा आणि गिऱ्हाइकानं तो समोरच्या आरशात बघून वाचायचा. त्यामुळे तक्त्यावरची अक्षरं उलटी छापलेली होती. एखाद्या नव्या गिऱ्हाइकाची नजर खुर्चीत बसण्याआधीच त्या तक्त्यावर गेली, की बिचारा घाबरून म्हणायचा, "काका, माझं तर फारच बिघडलंय."

त्या दुकानात मी पहिल्यांदा डोळा बघितला. मित्रांनो, तुम्ही म्हणाल, डोळे कोण बघत नाही? पण तुम्ही डोळा लांबून बघता. मी बोटभर अंतरावरून बघते. आईसुद्धा आपल्या बाळाचा डोळा इतक्या जवळून इतका वेळ बघत नसेल. त्या दिवशी खुर्चीत एक पाव विकणारा बसला होता. त्याच्या बुबुळात तपकिरी, पिवळसर, मधेच हिरवट असे शेकडो बारीक धागे मधोमधच्या काळ्या गोलाकडे निघाले होते. काकांनी दिवा जवळ आणला तसा तो काळा गोल आपणहून आकसला, दिवा लांब नेला तसा पुन्हा मोठा झाला. त्या माणसानं काही केलं नव्हतं. तो तर पावाच्या भट्टीबद्दल बोलत होता. त्याच्या डोळ्यावर पाण्याचा एक इतका पातळ थर होता की त्यात अख्खं दुकान दिसत होतं: दार, आरसा, आरशातला तक्ता, काका आणि दोन्ही बाजूंनी मी.

आणि मग पापणी लवली. ओल्या फडक्यानं पाटी पुसावी तसा तो डोळा वरपासून खालपर्यंत पुसला गेला आणि पुन्हा सगळं लख्ख दिसायला लागलं. हे इतक्या चटकन झालं की त्याच्या बोलण्यातला एक शब्दही तुटला नाही. पुन्हा थोड्या वेळानं तेच. पुन्हा तेच. मी मोजायला लागले. गप्पा मारणारा माणूस मिनिटाला पंधरा-वीस वेळा पापणी लववतो आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो. त्या दिवशी मी थक्क झाले ती आजतागायत थक्कच आहे. माझ्या पाठीमागून हजारो डोळे गेले, पण एकासारखा दुसरा मी बघितला नाही.

काकांची एक सवय होती. माणूस काम करतो ती जागा बघितल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही. ते मला पिशवीत घालून छापखान्यात न्यायचे, शिवणकामाच्या कारखान्यात न्यायचे, नकाशे काढणाऱ्यांच्या टेबलाशी न्यायचे. "दुकानात बसून मला काय कळणार, हा मान कशी वाकवतो ते?" असं म्हणायचे. त्या फिरण्यात एकदा मी जिन्यावर पडले आणि माझ्या डाव्या काडीचा स्क्रू ढिला झाला. तेव्हापासून मी जरा वेळानं डावीकडे कलायला लागले. काकांनी तो कितीदा पिळला, पण तो पुन्हा ढिला व्हायचा. माझ्या रूपाला लागलेलं तेवढं एक गालबोट.

पुढे काका थकले आणि दुकान त्यांच्या पुतणीकडे आलं. सगळे तिला ताई म्हणतात. ती डोळे तपासण्याचं रीतसर शिक्षण घेऊन आली होती आणि येताना दोन यंत्रंही घेऊन आली. एका यंत्रावर हनुवटी टेकवून आतलं घराचं चित्र बघितलं की नंबर छापून बाहेर यायचा. दुसरं यंत्र डोळ्यांसमोर आपोआप भिंगं फिरवायचं. ते कुणाच्या नाकावर बसायचं नाही, कलायचं नाही, थंडीत कुणाच्या कानाला गार लागायचं नाही. मग माझं काय काम? ताईनं मला पुसून, फडक्यात गुंडाळून खणात ठेवलं. तो खण मेला पुरता कधी बंदच होत नाही. त्या बोटभर फटीतून मला दुकानातलं सगळं ऐकू यायचं. डोळ्यांपासून लांब पडलेल्या मला तेवढाच विरंगुळा होता. खोटं कशाला बोलू, त्या यंत्रांवर मी मनातल्या मनात भरपूर नाक मुरडलं.

अशीच काही वर्षं गेली आणि एका दुपारी ती आली.

तिचं नाव मला कधी कळलं नाही. तिच्या कार्यालयात तिला घार म्हणत, तर आपणही तेच म्हणू. तिथे जुन्या नोंदवह्यांतली हस्ताक्षरं वाचून ती कॉम्प्युटरवर उतरवण्याचं काम चालायचं. कुठलंही किरटं, पुसट, शाई फुटलेलं अक्षर हिला लागायचं, म्हणून घार. वय चव्वेचाळीस. आवाज ठाम, पण त्या दिवशी कापत होता.

"ताई, खरं सांगा. किती दिवस राहिलेत?"

"कशाचे?"

"माझ्या डोळ्यांचे."

मग तिनं सगळं सांगितलं. दुपारनंतर डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं. स्क्रीनवरची अक्षरं एकमेकांवर सरकतात. घरी जाईतो कपाळ ठणकतं. हे सहा महिन्यांपासून चाललंय आणि तिनं कुणाला सांगितलेलं नाही. तिचे वडील घड्याळं दुरुस्त करायचे. डोळ्याच्या आतला दाब वाढून त्यांची नजर कडेकडेनं गेली, आणि कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. आता ते तिच्याकडेच असतात आणि त्यांना काहीही दिसत नाही.

"माझं पण तेच होतंय," ती म्हणाली. "आणि माझे डोळे गेले तर आम्ही दोघंही अंधारात. घरात तिसरं कुणी नाही."

ताईनं यंत्रावर तपासलं. लांबचं अगदी स्वच्छ दिसत होतं. तरी वडिलांचं ऐकून ताईनं तिला डोळ्यांच्या मोठ्या डॉक्टरांकडे पाठवलं, आणि हे तिनं फार बरं केलं. घरात कुणाला असा आजार असेल तर अंदाजावर राहायचं नसतं. तिथे दाब मोजला, मागची नस बघितली, कडेचं दिसतं का तेही बघितलं. आठवड्यानं घार कागद घेऊन परत आली. कागदावर सगळं ठीक होतं. थोडा कोरडेपणा आहे म्हणून थेंब लिहून दिले होते, बस्स.

माणसाला याहून चांगली बातमी कुठली? पण तिच्या आवाजात आनंद नव्हता.

"बाबांनाही आधी असंच म्हणाले होते. डोळे थकलेत नुसते, म्हणे."

"बाबांचा दाब तेव्हा कुणी मोजला होता का?"

"नाही. पण खुपायचं तर अजून थांबलेलं नाही ना? थेंब टाकून तासाभरात पुन्हा तेच. मी आता डोळे वाचवायला लागलेय, ताई. कामापुरते वापरते. घरी गेले की मिटून घेते. भाजी हातानं चाचपून चिरते. जिना मोजून चढते. सवय झालेली बरी."

खणात मी गारठले. जन्मभर मी लोकांना दिसावं म्हणून झटले, आणि इथे एक धडधाकट डोळ्यांची बाई आंधळेपणाचा सराव करत होती.

"आणि बाबांना फसवते," ती हळूच म्हणाली. "संध्याकाळी ते खिडकीशी बसतात. समोरच्या रस्त्यावर काय चाललंय ते मी त्यांना सांगते. कोण आलं, कोण गेलं, कुणी काय घातलंय. किती वर्षं झाली, हा आमचा नेम आहे. आता मी डोळे मिटूनच सांगते. आठवणीतलं, मनचं. परवा बाबांनी विचारलं, शिंपी दिसतोय का गं? मी म्हटलं, हो, मशीनवर बसलाय. ते काही बोलले नाहीत. नंतर मला कळलं, शिंपी चार दिवस दुकान बंद करून गेलाय. मशीनचा आवाजच येत नव्हता त्यांना."

 ताई उठली आणि तिची पावलं आधी दोन्ही यंत्रांशी घुटमळली. ती यंत्रं उचलून नेण्यासारखी नव्हती. मग तिची पावलं माझ्या खणाकडे आली. खण अडला, तिनं हिसका दिला, आणि कित्येक वर्षांनी माझ्यावर उजेड पडला.

"उद्या मी तुमच्या कार्यालयात येते," ती म्हणाली. "आमचे काका असेच जायचे."

ते कार्यालय एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर होतं. लांबलचक हॉल, पडदे ओढलेले, दोन रांगांत मिळून अकरा टेबलं. छतातून गार वारा थेट माणसांच्या तोंडावर येत होता. एका प्रसूतिगृहाच्या पन्नास-साठ वर्षांच्या जन्मनोंदी तिथे उतरवून घेत होते. स्क्रीनच्या डाव्या अर्ध्या भागात जुन्या वहीचं पान, उजव्या अर्ध्या भागात रिकामे रकाने. पानावर बारा ओळी. प्रत्येक ओळीत एका आईचं नाव, बाळाची वेळ, बाळाचं वजन. कुणी बोलत नव्हतं, कुणी हलत नव्हतं, फक्त बोटं टकटक चालली होती. इतकी शांतता मी फक्त रिकाम्या दुकानात ऐकली आहे.

ताईनं टेपनं घारीच्या डोळ्यांपासून स्क्रीनचं अंतर मोजलं आणि मला तिच्या नाकावर चढवलं. तिचे डोळे काळेभोर होते आणि पांढऱ्या भागात लाल शिरांचं जाळं उठलं होतं. ताईनं माझ्या खाचांत पाऊण नंबरची दोन भिंगं सरकवली.

"आता बघा बरं."

"अगंबाई," घार म्हणाली. "पान जवळ आल्यासारखं वाटतंय."

चाळिशीनंतर प्रत्येकाला लागतं तसलं हे भिंग. दुकानातल्या लांबच्या तक्त्यावर त्याची गरज कधी कळलीच नसती, कारण कुणी आरशात बघून जन्मनोंदी उतरवत नाही. ताई खूश झाली. कोडं सुटलं असं तिला वाटलं, आणि ती पिशवी आवरायला लागली.

पण मी बोटभर अंतरावर होते आणि मला वेगळंच दिसत होतं. घारीनं नवं पान उघडलं होतं. पहिली ओळ झाली, दुसरी झाली, तिसरी झाली. मी पापणीची वाट बघत होते. ती आली नाही. डोळ्यावरचा पाण्याचा थर मधोमध फाटला, मग त्या फाटीच्या कडा मागे हटत गेल्या, आणि मघाशी त्यात लख्ख दिसणारी स्क्रीन विरून गेली. पाचवी ओळ, सहावी ओळ. पापणी थरथरली, अर्ध्यापर्यंत उतरली आणि हिनं ती तशीच वर ओढली. दुकानात गप्पा मारताना हेच डोळे चारचौघांसारखे लवत असणार, म्हणून तर कुणाला संशय आला नाही. मी जन्मात इतकी हतबल झाले नव्हते. ताई पाठमोरी होती आणि मला तोंड नव्हतं.

तेवढ्यात माझा डावा स्क्रू ढिला झाला आणि मी डावीकडे कलले.

"थांबा, ही आमची म्हातारी नेहमी कलते," म्हणत ताई मला सरळ करायला वाकली. तिचा चेहरा घारीच्या कानाजवळ आला आणि तिची नजर आडवी त्या डोळ्यावर पडली. ती तशीच थांबली. आठवी ओळ झाली, नववी झाली, दहावी झाली. बारावी ओळ संपली, घारीनं पान उलटायची कळ दाबली आणि तेव्हा कुठे पापणी एकदा जड अंगानं खाली आली.

"तुम्ही पापणी का लववत नाही?" ताईनं विचारलं.

"लववली की आत्ता. पान संपलं ना."

घारीला त्यात काही वावगंच वाटत नव्हतं. शेजारच्या टेबलावरची एक तरुण मुलगी कौतुकानं म्हणाली, "आमच्याकडे एका पानाला एक पापणी असते, ताई. नवीन माणसाला पहिल्या दिवशी हेच शिकवतात."

"कोण शिकवतं?"

त्या मुलीनं घारीकडे बोट दाखवलं. हळूहळू सगळ्या हॉलनं माना वळवल्या, आणि मी त्या अकराही जोड्या बघितल्या. सगळे डोळे लाल होते.

मग घारीनं ती गोष्ट सांगितली. कामाला लागल्यावर पहिल्याच महिन्यात आयांच्या नावांचा रकाना भरताना तिची पापणी लवली आणि एक ओळ सुटली. त्या ओळीतली आई राहून गेली आणि तिच्या बाळाला खालच्या ओळीतली आई मिळाली. त्याच्या खालच्या बाळाला त्याच्या खालची. अशा त्या पानावरच्या साऱ्या बाळांच्या आया बदलल्या. पडताळणीत ते पकडलं गेलं, कुणाचं काही बिघडलं नाही. पण ती त्या रात्री जेवली नव्हती.

"कुणाचं तरी मूल कुणाच्या तरी पदरात टाकलं मी," ती म्हणाली. "तेव्हाच ठरवलं, पान संपेपर्यंत पापणी पाडायची नाही. मग माझ्या चुका थांबल्या. हे बघून बाकीच्यांनी उचललं. नंतर मीच शिकवायला लागले."

ताई हसली नाही. मीही हसले नाही. परक्या बाळांसाठी आपले डोळे जाळणारी माणसं मी तोवर बघितली नव्हती.

"सगळ्यांनी एक मिनिट काम थांबवा," ताई म्हणाली. "डोळे मिटा. घट्ट नको, हलके. आता उघडा. पुन्हा मिटा."

टकटक थांबली. मी घारीच्या नाकावरच होते. तिची पापणी खाली आली, या वेळी पुरती, खालच्या पापणीला टेकेपर्यंत. वर गेली. पुन्हा आली. दहा-बारा वेळा असं झालं असेल आणि मग कोपऱ्यातून पाणी आलं. ते तिच्या डोळ्यावर पसरत गेलं, फाटलेल्या जागा भरत गेलं. कुणीतरी पडदा बाजूला केला. त्या ओल्या डोळ्यात आधी खिडकी आली, मग खिडकीतलं आभाळ आलं, मग आभाळाच्या कडेला समोरच्या गच्चीवर वाळत घातलेले कपडे आले, एकेक, रंगांसकट. ज्याला आत्ताच मी वाळलेलं बघितलं होतं, त्याच डोळ्यात हे सगळं मावलं होतं. मित्रांनो, मी साधी पितळेची चौकट आहे. मला हात असते तर मी जोडले असते.

"जळजळ कमी झाली," मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं. दुसरं म्हणालं, "हो की."

घार मात्र लगेच म्हणाली, "पण ओळ सुटली तर?"

 ताईनं स्क्रीन जरा खाली करायला सांगितली, वर बघताना डोळा जास्त उघडा राहतो म्हणून. वाऱ्याची झडप तोंडावरून भिंतीकडे वळवायला सांगितली. अधूनमधून खिडकीबाहेर लांब बघा म्हणाली. पण ओळीचं काय? ते घारीनंच सोडवलं. तिनं एका जुन्या फाइलचं काळं पुठ्ठ्याचं कव्हर घेतलं, त्यात कात्रीनं एका ओळीएवढी लांबट खिडकी कापली आणि ते स्क्रीनवरच्या पानापुढे वर-खाली सरकेल असं अडकवलं. खिडकीतून एकच ओळ दिसत होती. ओळ संपली की पुठ्ठा खाली सरकवायचा, आणि सरकवताना पापणी पाडायची. डोळा मिटला तरी पुठ्ठा जागा धरून ठेवणार होता.

तिनं तसं एक पान केलं आणि दुसऱ्या कुणाकडून पडताळून घेतलं. बाराही बाळं आपापल्या आयांपाशी होती.

"एका ओळीला एक पापणी," ती म्हणाली, आणि पुठ्ठ्याचा उरलेला तुकडा तिनं शेजारच्या मुलीकडे सरकवला.

जिन्याशी मात्र तिनं ताईला गाठलं. "म्हणजे माझं बाबांसारखं होत नाहीये?"

"डॉक्टरांनी तपासलंय ना? वर्षातून एकदा पुन्हा तपासायचं, ते चुकवायचं नाही. पण आत्ता जे होतंय, ते हे आहे."

 घारीला ते पटलं की नाही, पिशवीतून मला कळलं नाही.

तीन आठवड्यांनी ती नव्या चष्म्यात आली, आणि तिच्या कोपराला धरून तिचे वडील आले. उंच, ताठ म्हातारा. खुर्ची कुठे आहे ते हातानं बघून बसला.

"सगळं गेलं नाही अजून," घार ताईला म्हणाली. "पण दुपारनंतर अक्षरं जागेवर राहतात. कपाळ दुखत नाही."

"ती चौकट कुठे आहे?" म्हाताऱ्यानं विचारलं. "हिनं सांगितलंय मला, ती कलली म्हणून सापडलं."

ताईनं मला त्यांच्या हातात दिलं. त्यांची बोटं माझ्यावरून फिरायला लागली आणि माझ्या अंगावर शहारा आला. त्या कारागिरानंतर मला असं कुणी हाताळलं नव्हतं. त्यांनी माझ्या रेघा नखानं मोजल्या. खाचा बघितल्या. डाव्या काडीशी येऊन बोट थांबलं.

"या स्क्रूचा आटा झिजलाय. नुसतं पिळून काय होणार?"

त्यांनी खिशातून एक लहानशी डबी काढली. नजर गेल्यालाही जमाना झाला, तरी ही डबी त्यांच्या खिशात होती. त्यातून केसाएवढी पातळ एक पितळेची चकती काढून त्यांनी स्क्रूखाली बसवली आणि चिमुकल्या पेचकसानं तीन वेढे दिले. एकही हालचाल वाया गेली नाही. मग काडी उघडून मिटून बघितली आणि गंमत म्हणून मला स्वतःच्या नाकावर चढवलं.

मी त्यांचे डोळे बघितले. माझ्या सोबतीला असलेल्या पेटीत दोनशेहून जास्त भिंगं आहेत, पण या डोळ्यांसाठी त्यांतलं एकही कामाचं नव्हतं. आत काही जात नव्हतं. आणि तरीही पापणी लवत होती, नेमानं, ताल न चुकवता. न दिसणाऱ्या डोळ्यांनाही ती पुसून लख्ख ठेवत होती. त्या क्षणी मला काय वाटलं ते मला अजून नीट सांगता येत नाही.

"शिंपी चार दिवस नव्हता," ते एकदम म्हणाले.

घार दचकली.

"मला कळलं होतं. मला वाटलं, तू कंटाळलीस. रोज रोज काय त्या म्हाताऱ्याला सांगायचं."

"नाही हो, बाबा. मी डोळे वाचवत होते. तुमच्यासाठीच. संपून जातील म्हणून."

 "लोक चांगलं घड्याळ जपून कपाटात ठेवायचे," ते म्हणाले, "आणि मग बंद पडलं म्हणून माझ्याकडे आणायचे. मी किती जणांना ओरडलोय त्याच्यावरून. आणि माझीच लेक..." त्यांनी मला काढून ताईकडे दिलं. "बघ बाहेर आणि सांग."

घार दाराकडे वळली. "समोर एक जण सायकलला हवा भरतोय. पंप नीट बसत नाहीये, म्हणून वैतागलाय. एक बाई कडेवर मूल घेऊन उभी आहे. मुलाच्या एका पायात मोजा आहे, दुसऱ्या पायात नाही. तिला अजून माहीत नाही."

"हे खरंय की मनचं?"

"खरंय, बाबा."

त्यांनी हात पुढे केला. तिनं चष्मा काढला आणि आपला चेहरा त्या हातापाशी नेला. त्यांनी दोन बोटं तिच्या पापणीवर ठेवली, इतकी हलकी की ती तिला लागलीही नसतील, आणि मान जरा तिरकी करून ते थांबले. बिघडलेलं घड्याळ दुरुस्त झाल्यावर कानाशी धरावं तसे.  त्यांच्या बोटांखाली पापणी लवली, थांबली, पुन्हा लवली, आणि त्यांची बोटं ओली झाली.

"आता चाल नीट आहे," ते म्हणाले.

मित्रांनो, मी आता खणात नसते. ताईनं मला आरशाशेजारच्या खिळ्याला टांगलं आहे आणि कुणी डोळे खुपतात म्हणून आलं, की ती मला घेऊन त्याच्या टेबलाशी जाते. मी सरळ बसते, कलत नाही. तुम्हीही मोठेपणी कुठल्याशा स्क्रीनपुढे बसाल, कदाचित आत्ताही बसत असाल. काम मन लावून करा, एकही ओळ सोडू नका. पण पापणी खाली यायला निघाली की तिला अडवू नका, आणि संध्याकाळी घरी गेलात की डोळे उघडून खिडकीबाहेर जे दिसेल ते जवळच्या माणसाला सांगा.